शिडाला वारा, पोटात गोळा

तो फोटो तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असणार. निळंशार पाणी, पांढरीशुभ्र बोट, बोटीच्या टोकावर पाय सोडून बसलेली एक छान टॅन झालेली मुलगी आणि मागे डोंगरउतारावर पांढरी घरं. कधी ग्रीस, कधी क्रोएशिया. सोमवारी सकाळी मीटिंग चालू असताना आपण टेबलाखाली तो झूम करून बघतो, एक हार्ट देतो आणि निमूटपणे एक्सेल शीटकडे वळतो.

आमच्याही गँगचा ग्रीसचा प्लॅन झाला होता. सहा जण, एक शिडाची बोट, एक आठवडा. व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव ‘ग्रीस लावा’. आठ महिने ग्रुपवर नुसता धुमाकूळ. मग एकीचं लग्न ठरलं, एकाचं अप्रेझल गंडलं आणि उरलेल्या चौघांनी विमानाचं तिकीट, शेंगेन व्हिसा आणि बोटीचं भाडं यांची एकदाची बेरीज केली. ग्रुपवर जी शांतता पसरली, ती पसरलीच.

जानेवारीत अचानक त्याच ग्रुपवर मेसेज. मैत्रिणीच्या ओळखीतले एक काका, मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेले, आपली शिडाची बोट मुंबईहून जयगडला घेऊन चाललेत. तीन दिवस, वाटेत मुक्काम मुरूड आणि हर्णैला. तीन जागा रिकाम्या आहेत, खर्च वाटून घ्यायचा. कोण येतंय?

मी ताबडतोब ‘मी!’ असं टाइप केलं, सेंड केलं आणि मग आठवलं. आपल्याला पोहता कुठे येतंय?

डिंगोऱ्याची पोर

मी मूळची डिंगोऱ्याची. जुन्नर तालुक्यात ओतूरहून माळशेज घाटाकडे निघालं की वाटेत लागतं ते. पुण्याची मंडळी पावसाळ्यात माळशेजच्या धबधब्याखाली भिजायला जातात, ती आमच्या गावावरूनच. आमच्याकडे पाण्याला तोटा नाही. पिंपळगाव जोग्याचं धरण आहे, कालवे आहेत, विहिरी आहेत. पण पोहणं हे पोरांचं काम. माझ्या भावाला पाठीला रिकामा डबा बांधून चुलत्याने विहिरीत ढकललं आणि आठवड्याभरात तो बेडकासारखा पोहायला लागला. माझी पोस्टिंग काठावर, त्याचे कपडे सांभाळायला. जरा वाकून बघितलं की आईची हाक यायची, ‘लांब हो गं तिथनं!’

आप्पांना फोन लावला. आप्पांचा समुद्राशी संबंध इतकाच, की टोमॅटोच्या गाडीबरोबर माळशेज उतरायचा, कल्याण किंवा वाशीच्या मार्केटला माल खाली करायचा आणि रात्रीतून परत.

‘बोटीनं जायचंय? पोहता येतं का तुला?’

‘लाइफ जॅकेट असतं, आप्पा.’

‘मी जॅकेटचं नाही विचारलं.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी गेले.

इंजिन बंद

सकाळी सहा वाजता, अंधारातच निघालो. बोट चौतीस फुटांची. ऐकायला मोठी वाटते, पण आत दोन खोपटाएवढ्या केबिन, हाताने पंप मारायचं टॉयलेट आणि बोट कशीही कलली तरी स्वतः सरळ राहणारी, झोपाळ्यासारखी टांगलेली एक शेगडी. माणसं पाच. आम्ही तिघं, काका (बोटीवर त्यांना ‘कॅप्टन’ म्हणायचं, हा पहिला नियम) आणि त्यांच्याबरोबर अलिबागकडचे एक कोळी दादा. यांचं उभं आयुष्य समुद्रावर गेलेलं.

बंदरातून बाहेर पडेपर्यंत इंजिन चालू होतं. मग कॅप्टननी शिडं वर घेतली आणि इंजिन बंद केलं. मंडळी, त्या क्षणासाठी तरी एकदा हे करा. आपलं सगळं आयुष्य कसल्या ना कसल्या मोटारीच्या आवाजात जातं. एसी, बस, लॅपटॉपचा पंखा. ते सगळं एकदम थांबतं, बोट मात्र पुढे सरकत राहते आणि ऐकू येतं ते फक्त पाणी.

शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते ना? दोन मार्कांचा प्रश्न. इथे तो टाइमटेबल असतो. रात्रभर जमीन गार होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. त्याच्यावर निघायचं. दहा-अकराच्या सुमाराला तो पडतो, शिडं ओल्या टॉवेलसारखी लटकतात आणि सगळे घामाघूम होऊन एकमेकांकडे बघत बसतात. मग जमीन तापते आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तो साधारण वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीवर. कोकण किनाऱ्याने खाली जाणं सोपं आणि वर येणं कष्टाचं, ते यामुळेच.

खारा वारा आला आणि बोट कलली. थोडीथोडकी नाही, समोर बसलेली मैत्रीण माझ्या डोक्याच्या वर दिसायला लागली. माझ्या पोटात गोळा. दोन्ही हातांनी मी रेलिंग धरलं आणि मनातल्या मनात हरिश्चंद्रेश्वरापासून खंडोबापर्यंत सगळ्यांना फोन लावून झाले.

कॅप्टननी बघितलं आणि विचारलं, ‘लहानपणी ती बाहुली होती का, कितीही पाडली तरी उभी राहणारी?’

‘होती.’

‘आपण तिच्यात बसलोय.’

या बोटीच्या पोटाखाली एक मोठा पंख असतो, शिसं किंवा लोखंड भरलेला. बोटीच्या वजनातला मोठा हिस्सा एकट्या त्याचा. वारा शिडाला जितकं खाली ढकलेल, तितकं ते वजन बोटीला परत सरळ ओढतं. शिवाय बोट जितकी कलते, तितका शिडावरचा वारा निसटून जातो. थोडक्यात, कलणं म्हणजे बुडणं नव्हे. हे मला पटलं. माझ्या पोटाला पटायला आणखी तासभर लागला.

मागचं दार

मांडवा मागे पडल्यावर खांदेरी आणि उंदेरी ही बेटं आली. खांदेरीवर १८६७ पासूनचं दीपगृह आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी या बेटावर तटबंदी बांधायला घेतली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी ते थांबवायला जहाजं पाठवली. पुस्तकात वाचलं तेव्हा मला ती नुसती एक लढाई होती. त्या दिवशी तिथेच वारा पडला, आम्ही अर्धा तास एका जागी डुलत राहिलो आणि डोक्यात प्रकाश पडला. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांच्या होड्या छोट्या, उथळ पाण्यात जाणाऱ्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की मोठा तिथेच बसणार आणि छोटा सटकणार. किल्ला बांधून झाला.

संध्याकाळी जंजिऱ्याजवळ खाडीत नांगर टाकला. मुरूडला मी आधी तीनदा गेले होते. ऑफिसची ट्रिप, कॉलेजची ट्रिप आणि एक ब्रेकअपनंतरची ट्रिप. तिन्ही वेळा गाडीने, घाट उतरून, वडापावच्या टपऱ्यांवरून, पार्किंग शोधत. आणि आता समुद्रातून बघितलं तर गावच बदललेलं. माडांची एक लांब रेघ, तिच्यात अधूनमधून कौलं, पाण्यात उभा जंजिरा आणि त्याच्याशी टक्कर द्यायला महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग.

तेव्हा लक्षात आलं, की आपण घाटावरची माणसं कोकणात नेहमी मागच्या दाराने येतो. या मुलखाची पायरी समुद्रात आहे. दीपगृहं, बुरुजांची तोंडं, कोळीवाड्यातल्या होड्यांची नाकं, सगळं समुद्राकडे बघत उभं आहे. आपण मागून येतो, फोटो काढतो, सोलकढी पितो आणि ‘कोकण बघितलं’ म्हणून परत जातो.

त्या रात्री डेकवर पडून कॅप्टनना आमच्या जुन्नरचं सांगितलं. त्यांनी जगभरची बंदरं पालथी घातलेली, पण हे त्यांना नवीन होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने या समुद्राची माहिती लिहून ठेवली, ‘पेरिप्लस’ नावाने ती प्रसिद्ध आहे. त्यात सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. म्हणजे त्या दिवशी दुपारी आम्ही ज्या चौलसमोरून आलो, तेच. जुलैच्या सुमाराला ही जहाजं इजिप्तहून निघायची आणि मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन आपल्याकडे यायची. कल्याणला उतरलेला माल नाणेघाट चढून वर यायचा, जुन्नरला. नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे आणि एक भलामोठा दगडी रांजण. त्यात जकात टाकायचे, असं आमच्याकडे सगळे सांगतात. आणि जुन्नरच्या लेण्यांमध्ये यवनांनी दान दिल्याचे शिलालेख आहेत. एकाने पाण्याची टाकी दिली, एकाने भिक्षूंसाठी भोजनमंडप. यवन हा शब्द आला ‘आयोनियन’वरून, म्हणजे मुळात ग्रीक. हे दाते ग्रीसचेच होते की पश्चिमेचे आणखी कुणी, यावर अभ्यासक वाद घालतात.

आम्ही आठ महिने ग्रीसला जायचं म्हणून ग्रुपवर मारामाऱ्या करत होतो. आणि त्यांची माणसं दोन हजार वर्षांपूर्वी शिडाच्या बोटीने येऊन, घाट चढून, आमच्या तालुक्यात पाण्याची टाकी बांधून गेली. कॅप्टन खूप वेळ हसले.

टोपी

दुसऱ्या दिवशी मी शेर झाले होते. पोट ताळ्यावर, डोक्याला स्पेशल या ट्रिपसाठी घेतलेली रुंद काठाची स्ट्रॉ हॅट (तोच तो फोटो काढायचा होता ना), हातात फोन. श्रीवर्धन मागे पडलं होतं, पाठीवर मस्त वारा. आणि एका झुळकेत हॅट उडाली.

मी ओरडले, ‘माझी टोपी!’ आणि हसले. हसलं फक्त मीच.

कॅप्टन सुकाणूवरून ओरडले, ‘माणूस पडलाय असं समजा. हिला बोट दाखवायला लावा.’

बोटीवर कुणी पाण्यात पडलं तर एका माणसाला एकच काम असतं. हात लांब करायचा, पडलेल्याकडे बोट दाखवायचं आणि नजर हलवायची नाही. बाकीचे शिडं बघतील, दोर ओढतील, बोट वळवतील. बोट दाखवणाऱ्याने फक्त बोट दाखवायचं. पोहता न येणाऱ्या माणसालाही हे काम येतं, म्हणून ते मला दिलं.

अडचण अशी, की वारा पाठीमागचा, त्यामुळे टोपी राहिली वाऱ्याच्या दिशेला. आणि शिडाची बोट वाऱ्याच्या नाकासमोर सरळ जाऊच शकत नाही. ती तिरकी जाते, वळते, परत दुसऱ्या बाजूने तिरकी. माळशेज कसा चढतो आपण? सरळ कड्यावर गाडी घालत नाही, वळणं घेत घेत वर जातो. अगदी तसं. समोर शंभर मीटरवर दिसणाऱ्या वस्तूकडे जायला बोटीला असा घाट चढावा लागतो. प्रत्येक वळणाला शिडं फडफडतात, दोर सुटतात, पाय घसरतात. आणि माझी पिवळी टोपी एका लाटेवर दिसायची, दुसऱ्या लाटेमागे जायची, परत दिसायची.

खिशात फोन वाजला. आप्पांची रिंगटोन वेगळी आहे. मी खाली बघितलं. एक सेकंद, फार तर दोन.

वर बघितलं तर टोपी नव्हती.

आम्ही दहा मिनिटं शोधलं. लाटा काही फार मोठ्या नव्हत्या. आकाश स्वच्छ, ऊन लख्ख, पाच माणसांचे दहा डोळे. नाही मिळाली. कॅप्टननी बोट परत दक्षिणेला वळवली, पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि एवढंच म्हणाले, ‘टोपी होती.’

कुणी मला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मी खाली केबिनमध्ये जाऊन आप्पांना फोन केला. त्यांना विशेष काही नको होतं. ‘जेवलीस का,’ एवढंच विचारायचं होतं. मी ‘हो’ म्हटलं आणि पुढे बोलता येईना.

मग फिरताय कशाला?

हर्णैला पोचलो तेव्हा किनाऱ्यावर मासळीचा लिलाव रंगात आला होता. आम्ही लांब नांगर टाकून छोट्या रबरी होडीने गेलो. टोपलीजवळ बसलेल्या एका मावशींनी विचारलं, कुठून आलात? मुंबईहून, शिडावर. मासे पकडता? नाही. माल नेता? नाही. ‘मग फिरताय कशाला?’ त्यांच्या प्रश्नात कुत्सितपणा नव्हता, खरोखरचं कुतूहल होतं. आम्ही तिघंही उच्चशिक्षित. एकालाही धड उत्तर देता आलं नाही.

रात्री क्षितिजावर प्रखर पांढऱ्या दिव्यांची रांग दिसली. मला वाटलं एखादं शहरच. दादा म्हणाले, ‘एलईडीवाले.’ पाण्यावर दिवे पाडून मासळी गोळा करायची आणि एका जाळ्यात उपसायची. केंद्र सरकारने २०१७ मध्ये यावर बंदी घातली. दिवे मात्र आमच्या डोळ्यांसमोर चालू होते. छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात मग काय येणार? दादांचा मुलगा आता पनवेलला नोकरी करतो. हा समुद्र त्यांना खलाशीकाम देतो, तेही आमच्यासारखे हौशी येतात म्हणून. सुट्टीवर असताना असलं काही ऐकायला नको असतं. पण समोरच्या दारातून आलं की घरातलं सगळं दिसतं.

सकाळी सुवर्णदुर्गाला वळसा घातला. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रजांनी हातमिळवणी करून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आपल्याच आरमाराचं कंबरडं मोडायला आपणच हात दिला होता, हे बुरुजाखालून जाताना जास्त लागतं. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात खांदेरी आहे, सुवर्णदुर्ग आहे आणि आमचा शिवनेरीही आहे. डोंगरातला आणि पाण्यातला असे किल्ले एकाच यादीत. मुलूख एकच होता, फक्त आमच्या बाजूने कधी लक्षात आलं नव्हतं.

दाभोळच्या पुढे डॉल्फिन आले, चार-पाच. बोटीच्या नाकासमोर थोडा वेळ खेळले आणि गेले. मी फोन काढला नाही.

दुपारी कॅप्टननी मला सुकाणू दिलं. ताशी पाच सागरी मैल, म्हणजे जेमतेम नऊ किलोमीटर. डिंगोऱ्याहून ओतूरला मी सायकलवर यापेक्षा जोरात जायचे. पण हाताला पाणी जाणवतं, मानेला वारा जाणवतो, आणि डाव्या हाताला किनारा इतका सावकाश सरकतो की प्रत्येक डोंगर नीट ओळखीचा होतो. त्यांच्यामागे, खूप आत, एक फिकट निळी रेघ होती. सह्याद्री. मी तिच्या पलीकडची. तिला या बाजूने मी पहिल्यांदाच बघत होते.

संध्याकाळी जयगडच्या खाडीत शिरलो. नांगर पडला आणि मला चक्क रडू आलं.

तुम्हाला जायचंय?

जरूर जा, आणि त्यासाठी कुणाच्या ओळखीचे काका लागत नाहीत. मुंबईत गेटवेच्या परिसरातून तासा-दोन तासांसाठी शिडाची बोट भाड्याने मिळते, चार-सहा जणांत वाटली तर मल्टिप्लेक्स आणि डिनरच्या खर्चात भागतं. आवडलं तर मुंबईत आणि गोव्यात शिडाची बोट शिकवणारे कोर्स आहेत, वीकेंडला करता येतात. सीझन नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात नावही काढू नका. निघण्याआधी पोटभर खाऊ नका आणि उपाशीही राहू नका. मळमळलं तर केबिनमध्ये पडून न राहता वर येऊन क्षितिजाकडे बघा, आल्याचा तुकडा चघळा. लाइफ जॅकेट अंगात घालायचं असतं, उशाला घ्यायचं नसतं. टोपी बांधून ठेवा.

आणि हे आपल्याला जमणार नाही, असं वाटत असेल तर थोडं गुगल करा. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये शिडाच्या बोटीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात बांधलेली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी आणि नौदलातल्या तिच्या पाच सहकारी मुलींनी ‘तारिणी’वरून तीच प्रदक्षिणा केली. ‘तारिणी’ही गोव्याचीच. ग्रीसला जायला माझी ना नाही. आमचा ग्रुप अजून डिलीट झालेला नाही.

सध्या मात्र रोज सकाळी सहाच्या बॅचला मी स्विमिंग टँकवर असते. बॅचमधले बाकी सगळे दुसरी-तिसरीतले. ते मला ‘काकू’ म्हणतात आणि माझ्यापेक्षा बरे पोहतात. गेल्या रविवारी आप्पांना फोनवर टोपीचं खरं काय ते सांगितलं. त्यांचा फोन आला म्हणून, हे मात्र गाळलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘घाट दिसला का गं समुद्रातनं?’

‘दिसला. निळा.’

‘हां.’ परत गप्प. ‘विहिरीला पाणी आहे अजून. सुट्टी काढून ये. डबा शोधून ठेवतो.’